आईचं घंगाळ

"माझी शेवटची आंघोळ आपल्या घंगाळातल्या पाण्यानंच घाल हो, कुमुद," दादाचं घर सोडून लेकीकडे राहायला येताना आई म्हणाली होती. घंगाळ तेवढं तिथंच राहिलं.

आज पहाटे आई गेली. दादा फोन उचलेना, म्हणून कुमुद त्याच्या घरी आली, तर वहिनी पाहुण्यांना नवी सजावट दाखवत होती. मोरपंखी भिंत, शिसवी आरामखुर्ची, रंगीत काचांची हंडी, आणि मधोमध तांब्याच्या घंगाळात तरंगणारी झेंडूची फुलं.

"घंगाळानं घराला काय शोभा आलीय गं. कुठं मिळालं?"

"जुन्या बाजारात," वहिनी म्हणाली. दादा खिडकीबाहेर बघू लागला.

कुमुदनं फुलं बाजूला काढली, पाणी गॅलरीतल्या तुळशीला घातलं आणि घंगाळ काखेला लावलं.

"वन्सं, हे काय?"

"आईला न्हाऊ घालायचंय," ती हळूच म्हणाली, "शेवटचं." आणि जिना उतरू लागली.