चौकशी

"या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं बसतं का?" थोरलीने विचारलं.

हॉस्पिटल दाखवणारी बाई गोंधळली. आजवर लोकांनी तिला जेवणाचं विचारलं होतं, खोलीतल्या टीव्हीचं विचारलं होतं. लिफ्टचं कुणी विचारलं नव्हतं. पण लिफ्ट तपासणं ही थोरलीची नोकरीच होती. चौदा वर्षं ती लोकांच्या इमारतींत जाऊन दोर, ब्रेक आणि दारं बघत आली होती. जिथे फार गोड बोलतात तिथे जास्त बारकाईने बघायचं, हेही ती तिथेच शिकली होती.

स्ट्रेचर तिरकं करूनही बसेना. बाळंतपणाची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि ऑपरेशन थिएटर पाचव्या.

"मध्येच काही अडचण आली तर?"

"आमच्याकडे अडचण येत नाही मॅडम," असं म्हणत त्या बाईने गुळगुळीत कागदाचं पत्रक पुढे केलं. थोरलीने ते तसंच टेबलावर सोडलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या धाकट्या बहिणीला खुणेनेच उठवलं.

हे हॉस्पिटल नवऱ्याच्या पसंतीचं. त्याच्या साहेबांच्या मुलीचं बाळंतपण इथे झालं होतं आणि दारात कारंजं होतं. त्याला तेवढं पुरेसं होतं.

सासूबाईंची पसंती वेगळी. घरातली तीन बाळंतपणं ज्यांच्या हातून पार पडली, त्या म्हाताऱ्या डॉक्टरांशिवाय त्या कुणाचं नाव काढू देत नव्हत्या. थोरलीसुद्धा दोनदा त्यांच्याकडे गेली होती आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात रिकाम्या हातांनी परतली होती. दुसऱ्या वेळी डॉक्टर हात पुसता पुसता म्हणाले होते, तरुण आहात, पुन्हा बघू. सात वर्षं झाली, तरी ते शब्द आठवले की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तरीही घरातली रोजची कटकट मिटावी म्हणून दुपारी ती त्यांच्याकडे गेली. धाकटी बाहेरच बसली. आत दोन खुर्च्या होत्या आणि एकीवर डॉक्टरांची बॅग होती. कितवा महिना, असं त्यांनी डोकं वर न करताच विचारलं. आठवा लागलाय, तिने सांगितलं. मग तिने आपले प्रश्न काढले. तुम्ही नसलात तर कोण असेल? शंभरातल्या किती जणींचं पोट फाडावं लागतं? घरचं एक माणूस आत चालेल का?

डॉक्टर हसले. "बाई, तुम्ही लिफ्ट बघा. बाळंतपणाचं आम्ही बघतो."

गाडीत बसल्यावर तिने दार असं आपटलं की रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. आई म्हणते तसंच करून टाकू, उगाच वाद नको, असं तो म्हणाला.

"माझं बाळ आहे ते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ते कुठे जन्मणार आणि कुणाच्या हातून, हे तू, तुझी आई आणि तुझा साहेब ठरवणार? मला एका शब्दाने कुणी विचारलं?"

तिने फोन सीटवर फेकला.

"ताई, मला काय वाटतं..." धाकटी म्हणाली.

"तू नको आता सुरू होऊस. आधीच डोकं भणभणतंय."

धाकटी काचेबाहेर बघत बसली. शाळेतून लांब रजा काढून, पाच वर्षांच्या मुलीला नवऱ्यापाशी ठेवून, ती दोन महिने ताईकडे राहत होती. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ते ऐकलं की धाकटी कसनुसं हसायची.

तिसरी जागा छोटी होती. बैठं घर, आठ खाटा, आणि बाळंतपणाच्या खोलीला लागूनच थिएटर. थोरलीने जनरेटर सुरू करून दाखवायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी एका शब्दाने कुरकुर न करता तो सुरू केला. पन्नाशीची, भराभर चालणारी बाई. मी गावाला जाते तेव्हा कोण असतं, मागच्या वर्षी किती ऑपरेशनं झाली, त्यातली कुठली टाळता आली असती, सगळं त्यांनी न लपवता सांगितलं. दिवसभरात पहिल्यांदाच थोरलीच्या कपाळावरची आठी उतरली.

"ठरलं," ती म्हणाली. "इथेच."

तपासणीच्या खोलीत बसल्यावर तिने पिशवीतून जाड फाइल काढली. वर दोन पानांची यादी होती. कळा वाढवायला औषध नको. कळा कमी करायचं इंजेक्शन तर अजिबात नको, सोसलेलं बाळाला चांगलं असतं. चोवीस तास गेले तरी घाईने चिरफाड नको. पहिल्या तासात बाळ कुणाच्या अंगावर ठेवायचं, तेही लिहिलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पानं सावकाश वाचली. फाइलही चाळली.

"ही यादी कुणी केली?"

"मी. एकूण एक ओळ माझी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मूल तुमचं आहे, ते फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. पण पोट यांचं आहे, आणि कळाही यांनाच येणार आहेत." त्यांनी खुर्ची भिंतीलगत बसलेल्या धाकटीकडे वळवली. "तुम्हाला काय हवंय?"

धाकटीने पोटावरची ओढणी बाजूला केली.

"आधी ताईला बाहेर बसायला सांगा," ती म्हणाली.