कझानमध्ये पाणी

"अजून अर्धा लिटर लागेल. पटकन आण, पंप कोरडा फिरायला नको," तियाना म्हणाली, आणि तिचा कामातला साथीदार ओग्नेन कोठीच्या खोलीकडे धावला.

तिच्या बापाने, मिलिसावने, खुर्चीचा हात घट्ट धरला. कोठीत खालच्या फळीवर डिस्टिल्ड वॉटरच्या चार बाटल्या होत्या. तीन बाटल्यांत पाणी होतं.

टेबलावर त्याचं कझान, दारू गाळायचं भांडं. तांब्याचं, पोट सुटलेलं. तीस वर्षं त्याने त्यात आलुबुखाराची राकिया गाळली होती, पाण्यासारखी दिसणारी कडक दारू. डॉक्टरांनी यकृताचा फोटो दाखवला तेव्हा तो डोंगरावरचं घर बंद करून चाचाक शहरात मुलीकडे आला, चौथ्या मजल्यावर. कझानही आलं. भांड्याच्या पोटाला कटरने खिडकी पाडली तीही मिलिसावनेच. आता आत कॉम्प्युटर होता, गेम खेळायचा, पाण्याने थंड राहणारा. ज्या नळीत वाफेची दारू व्हायची तीच नळी तियानाने वाकवून आत फिरवली होती. अकरा महिन्यांचं काम. उद्या बेलग्रेडला प्रदर्शनात जायचं होतं.

आज फक्त पंप चालू होता. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरचा तुकडा. गळलं तर कागद ओला होणार.

आल्या दिवशी तियाना एकच वाक्य बोलली होती. "या घरात एक थेंब सापडला तर दुसऱ्या दिवशीची पहिली बस." वर गावात आता दोनच शेजारी उरले होते. दोघेही पिणारे.

ओग्नेन परत आला. हातात बाटली. लेबलचा उजवा कोपरा फाडलेला.

तीच.

तियाना, ती राहू दे, दुसरी—
का, म्हणून विचारेल.

तियाना, ते पाणी जुनं—
हे पाणी जुनं होत नाही.

तियाना, आलो त्या दिवशी मी एक बाटली भरून ठेवली होती, पण उघडली नाही, एकदाही—

हे खरं होतं. आणि हेच कोणी मानलं नसतं. तीस वर्षं "एकच घेतली" म्हणणाऱ्या तोंडून आलेलं वाक्य. रोज सकाळी तो कोठीत जायचा, बाटली जागेवर आहे एवढं बघायचा आणि कॉफी ठेवायला यायचा. ती तिथे होती म्हणून लागत नव्हती. आता हे कुणाला, कसं सांगायचं?

"काका, नीट बघून घ्या," ओग्नेन म्हणाला. "या भांड्याच्या जन्मात पहिल्यांदा कुणी पाणी ओततंय."

"त्याला चिडवू नकोस, आधीच रडवेला झालाय," तियाना म्हणाली. "बाबा, पाणी हवंय का? प्यायला?"

दोघं हसली. मिलिसावही हसला. निदान तोंड तरी तसं झालं.

कालच ओग्नेन पंपाला पाणी पुरवणारी पारदर्शक टाकी स्पिरिटने पुसायला निघाला होता आणि तियानाने त्याच्या हातावर फटका मारला होता. ही काच नाही, ॲक्रिलिक आहे. अल्कोहोल लागलं की केसाएवढे तडे जातात. मग एखाद्या वेळी फुटते, आणि खाली सगळी सर्किटं.

गप्प बसलं तर?

खाली अंगणात शेजारणी हिवाळ्याच्या बेगमीसाठी ढब्बू मिरच्या भाजत होत्या. सगळी इमारत त्या धुराने भरली होती. वास कुणालाच येणार नाही. तडे आज जाणार नाहीत. उद्या जातील, बेलग्रेडमध्ये, लोकांच्या गर्दीत. टाकी खराब निघाली म्हणतील. ओग्नेनने जोड जास्त आवळला म्हणतील. बस येणार नाही. तो इथेच राहील, या खुर्चीत, आणि तियाना टेबलाशी बसून ओल्या सर्किटांकडे—

टाकीत पाणी खाली चाललं होतं. पंपाचा आवाज बदलला.

तियानाने झाकण फिरवलं. नरसाळं लावलं. बाटली कलली.

"ओतू नकोस," मिलिसाव म्हणाला. "ती राकिया आहे. माझी."

ओग्नेनने पंप बंद केला. मग त्याला एकाएकी खोलीची खिडकी पुसावीशी वाटली आणि तो पाठ करून ती पुसू लागला.

तियानाने बाटली सरळ केली. झाकण परत लावलं. रागावली नाही. बाटली बापाच्या हातात दिली.

"हलव," ती म्हणाली.

राकिया हलवली की गळ्याशी बुडबुड्यांची माळ धरते. मण्यांसारखे बुडबुडे रेंगाळतात. जितके रेंगाळतील तितकी ती कसदार. डोंगरात हे शेंबड्या पोरालाही येतं. मिलिसावने बाटली हलवली.

बुडबुडे आले आणि विरले.

त्याने पुन्हा हलवली, जोरात. बाटली डोळ्यांजवळ धरली. काही नाही. एक मणीसुद्धा नाही.

"कधी बदललंस?"

"तू आलास त्याच आठवड्यात. तुझी मोरीत ओतली आणि यात पाणी भरलं. साधं नाही, याचंच, डिस्टिल्ड."

"आणि अकरा महिने काही बोलली नाहीस?"

तियानाने बाटली त्याच्या हातातून घेतली आणि नरसाळ्यात ओतू लागली. टाकी हळूहळू वर चढली.

"काय बोलायचं होतं, बाबा? एकदा जरी उघडली असतीस, तर तूच माझ्याशी भांडायला आला असतास."