मालकांची नजर

मालकांनी चष्मा काढला. तो कुठे काढायचा हे धाकट्यानेच भाषणाच्या कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहून दिलं होतं, आणि नेमक्या त्याच जागी त्यांनी तो काढला.

पुठ्ठ्याची खोकी बनवणारा हा कारखाना महिनाअखेरीला बंद व्हायचा होता. शेडमधली यंत्रं थांबवून सगळ्या कामगारांना समोर उभं केलं होतं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मॅनेजर स्वखुशीच्या राजीनाम्यांचा गठ्ठा घेऊन बसला होता. स्वखुशीचे म्हणे! सही केली की हातावर टेकवतील ते घ्यायचं आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही. सही नाही केली, तर कायद्याने जे हक्काचं आहे ते मालकांना मोजावं लागणार. सगळ्यांचं लक्ष धाकट्याच्या दादाकडे होतं. दादा शेडमधला सगळ्यात जुना कारागीर. तो करेल तेच बाकीचे करणार, हे मालकांनाही ठाऊक होतं. आणि काल जेवताना दादाने ताटावरच सांगून टाकलं होतं, काढायचं तर त्यांनी काढावं, मी कशाला आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेऊ?

त्या बोलण्यावर धाकटा निर्धास्त होता. वरच्या ऑफिसात बसून जाहिराती, पत्रकं आणि मालकांची भाषणं लिहायची, ही त्याची नोकरी; घरी मात्र तो वर कारकुनी करतो, एवढंच ठाऊक होतं. ऑफिस काही बंद होणार नव्हतं. पोटासाठी लिहायचं ते लिहू, दादा काही शब्दांना भुलणारा गडी नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. लोकांना पटवणं हा ज्याचा धंदा, त्याला स्वतःला पटवणं काय जड?

भाषणाचा पहिला खर्डा मालकांनी परत पाठवला होता. वाचून काही होत नाही, म्हणाले. मग धाकट्याने जिथे जिथे ‘मी’ होतं तिथे ‘आपण’ केलं. ‘बंद’ काढून ‘निरोप’ घातला. एकच वाक्य फिरून फिरून आणलं, देवळातल्या घंटेसारखं. तरी ते कोरडंच राहिलं. मोठमोठ्या शब्दांनी माणूस हलत नाही, त्याला एखादी बारीकशी, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट लागते, हे त्याला पक्कं माहीत होतं. तशी एक त्याच्याजवळ होती. दिवसभर त्याने ती लिहायची टाळली. संध्याकाळी लिहिली.

“मी वरच्या खिडकीतून रोज बघायचो,” मालक आता म्हणत होते. “यंत्र सुरू करायच्या आधी आपल्यातला एक माणूस त्याला उलटा हात लावायचा. तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.”

मग ते थांबले. थांबायचंही कागदावर होतं, पण ते त्याहून जास्त थांबले. धंदा कळणारा माणूस!

मालकांच्या खोलीतल्या त्या वरच्या खिडकीतून शेड दिसतच नाही. ती रस्त्याकडे उघडते, आणि तिच्यापुढे फायलींचं कपाट उभं आहे. पण हे कोणाला कळणार? शेडमधल्या एकाही माणसाला त्या खोलीत कधी बोलावलेलं नव्हतं. दादाचा तो हात पाहिला होता धाकट्याने, रोज सकाळी शेडमधून जिन्याकडे जाताना.

धाकटा मागे भिंतीला टेकून उभा होता. दादा पहिल्या रांगेत. त्याचा चेहरा इथून दिसत नव्हता, नुसती मान दिसत होती. ती मान खाली गेली. शेजारच्याने दादाच्या पाठीवर हात ठेवला.

भाषण संपलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नोकऱ्या चालल्यात आणि टाळ्या! मालक हात जोडून जिना चढून गेले. दादा सरळ टेबलाकडे निघाला. धाकटा गर्दीतून वाट काढत पुढे घुसला आणि टेबलापाशी त्याने दादाची बाही धरली. घाई करू नकोस, युनियनवाल्यांशी एकदा बोलून घे, काल तू काय म्हणाला होतास ते आठव, असं तो भराभरा सांगत सुटला. आज त्याला एक वाक्य धड रचता येत नव्हतं.

दादाने ते ऐकलंच नाही. त्याचे डोळे भरून आले होते. बाबा गेले तेव्हासुद्धा धाकट्याने ते असे पाहिले नव्हते.

“रात्रपाळीत चाललेली मोटार अजून तापलेली आहे का, तेवढंच बघायचो रे मी,” दादा म्हणाला. “पण त्यांनी त्यात काय पाहिलं बघ. इतक्या वर्षांत मला वाटायचं, आपण इथे कोणाच्या खिजगणतीतच नाही.”

ते भाषण मी लिहिलंय, एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. वाक्य धाकट्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. मॅनेजर मान वर करून त्याच्याकडेच बघत होता.

“तू तर माझा सख्खा भाऊ,” दादा म्हणाला. “रोज माझ्या यंत्रावरून वर जातोस. तुला तरी कधी दिसलं होतं का?”

धाकट्याने बाही सोडली.

“नाही,” तो म्हणाला.

“त्यांना दिसलं,” दादा म्हणाला, आणि मॅनेजरने पुढे केलेलं पेन त्याने हातात घेतलं. त्याच्या मागे रांग लागायला सुरुवात झाली.