मामाचा ग्लास

मांडवात शिरण्याआधी सुखदेवनं दोन्ही मनगटांची बटणं चाचपून पाहिली. मे महिन्याचं ऊन होतं आणि त्याच्या अंगात जाड कापडाचा, पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत बंद केलेला शर्ट होता. त्याला घाम फारसा येत नसे. नुसता चेहरा लालबुंद होई.

"ये," गोविंदा म्हणाला आणि दुसरीकडं पाहू लागला. काल फोनवर त्यानंच मेहुण्याला सांगितलं होतं, "बाह्या पुऱ्या घालून येजो. पोरीकडचे पाहुणे राह्यतीन." सुखदेव नुसतं "हो भाऊजी" म्हणाला होता.

सुखदेव मांडवाच्या कडेला टेकला. पिशवीतून त्यानं स्टीलचा ग्लास काढला. गोविंदाच्या थोरल्या बहिणीनं, मथुराबाईनं, वरून पाणी ओतलं. ते पिऊन त्यानं ग्लास स्वतःच्या पायाशी ठेवला. या घरात त्याचा ग्लास नेहमीच वेगळा असे. गोविंदाची बायको, सुखदेवची बहीण पुष्पा होती तोवर तो खिडकीत पालथा ठेवलेला असायचा. पुष्पा गेली आणि गोविंदानं तो त्याच्याकडं पाठवून दिला. तेव्हापासून सुखदेव येताना घेऊन येई.

पाटावर नवरदेव रोशन बसला होता. मामासारखाच त्याचाही शर्ट पूर्ण बाह्यांचा होता. हळद फक्त गालांना आणि तळपायांना लावायची, असं गोविंदानं सकाळीच बायांना सांगून ठेवलं होतं.

"आई नाही, तं पह्यली हळद मामाची," मथुराबाई म्हणाली. "ऊठ रे सुखदेव. कोपऱ्यात कायले बसला चोरावाणी?"

सुखदेवनं गोविंदाकडं पाहिलं. गोविंदानं मान हलवली. सुखदेव उठला, वाटीत एक बोट बुडवलं आणि भाच्याच्या गालाला लांबूनच टेकवलं.

"हे काय मामा," रोशन म्हणाला, "टिकली लावून राह्यले का?"

बाया हसल्या. रोशननं शर्टाची बटणं काढली, शर्ट अंगावेगळा केला आणि खांबाच्या खिळ्याला अडकवला.

हसू थांबलं. मानेपासून पोटापर्यंत, खांद्यापासून मनगटापर्यंत तपकिरी खवले होते. पुढच्याच सतरंजीवर नवरीच्या काकू विमलताई बसल्या होत्या.

"उन्हाचं हाय ते," गोविंदा घाईनं म्हणाला. "जाईन आता पावसाळ्यात."

"उन्हाचं नाही बाबा," रोशन म्हणाला. "यवतमाळले डॉक्टरनं सांगतलं तवा तुमी माह्या बाजूलेच बसून होते." मग तो मथुराबाईकडं वळला. "आत्या, अंगात सल्फेटेज म्हणून एक एन्झाइम राह्यते. त्याच्यानं मेलेली कातडी सुटून पडते. मले अन् मामाले ते नाही. म्हणून आमची जुनी कातडी चिकटूनच राह्यते."

"सल्फेट म्हणजे तं खत ना बापू?"

"खत वेगळं, आत्या. हे आईकडून येते."

"पुष्पाच्या अंगावर तं डाग नव्हता."

"बायांच्या अंगावर दिसत नाही. पोराले मात्र भेटते. अन् लागट नाही. कोणाले हात लावल्यानं होत नाही."

गोविंदा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. हाच रोशन तान्हा असताना सुखदेवनं त्याला घ्यायला हात पुढं केले होते. गोविंदानं पोर उचलून आत नेलं होतं आणि पुष्पा दारात तशीच उभी राहिली होती.

"मामा, बाह्या वर करा," रोशन म्हणाला. "शर्ट खराब होईन."

सुखदेवनं एकेक बटण काढलं. बाह्या कोपरापर्यंत गुंडाळल्या. दोन्ही हात वाटीत बुडवले आणि भाच्याच्या खांद्यावरून हळद खाली ओढली. हळद खवल्यांच्या मधल्या रेघांत जाऊन बसली. जे झाकायचं होतं ते पिवळ्या रेघांनी आखून निघालं. मामाच्या हातांवर तशाच रेघा होत्या. लांबून पाहणाऱ्याला कोणता हात कोणाचा, ते कळलं नसतं.

गोविंदा विमलताईंसमोर जाऊन उभा राहिला.

"आमच्या उर्वशीनं आमाले तवाच सांगतलं, पाह्यणं झालं तवा," त्या म्हणाल्या. "पोरानं तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. आमी तं तुमी कवा सांगता तेच पाहून राह्यलो होतो."

त्यांनी पदर खोचला, उठल्या आणि वाटीत हात घातला. "सरका मामा. आता आमाले लावू द्या."

सुखदेव परत कडेला येऊन बसला. उन्हानं त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यानं माठातलं पाणी आपल्या ग्लासात ओतून घेतलं आणि एका दमात संपवलं. गोविंदा त्याच्याजवळ आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं त्यानं ठरवलं होतं.

"तो ग्लास दे," तो हळूच म्हणाला. "मले बी तहान लागली."

सुखदेवनं वर पाहिलं. "याच्यात?"

"हो."

"थांबा भाऊजी."

तो ग्लास घेऊन न्हाणीपाशी गेला. खाली बसला. चिमूटभर राख घेतली आणि घासू लागला. आतून, बाहेरून, काठावरून जिथं ओठ लागतात तिथं परत एकदा. पिवळे हात वरखाली होत होते. घासल्याचा आवाज सगळ्या मांडवात ऐकू येत होता, आणि गोविंदा हात पुढं करून तसाच उभा होता.