पट्टीची बाजू

फारुकच्या लिव्हरमधली कॅन्सरची गाठ मुंबईच्या डॉक्टरांनी पडद्यावर बघत बघत नुसत्या ध्वनिलहरींनी फोडली. पोटावर ओरखडाही नाही. घरी मिरकरवाड्यात मात्र भेटायला येणारा प्रत्येक जण आधी टाके बघायला मागायचा. "टाके नाय म्हणजे डॉक्टरनी फसवलान तुला," म्हणायचा. शेवटी त्याची बायको झरीन रोज आंघोळीनंतर त्याच्या पोटावर रुंद पट्टी चिकटवू लागली, तेव्हा कुठे लोक समाधानाने हळहळून शहाळी ठेवून जाऊ लागले.

आज शेजारची बिल्किसचाची दुसऱ्यांदा आली आणि पट्टीकडे बघतच राहिली. "झरीन, परवा ही उजवीकडे होती ना गो?"

झरीनला हसू आवरेना. "सकाळी रिपोर्ट आला, चाची. गाठ गेली. त्यानंतर मी पट्टी कुठे चिकटवली, मलाच ठाऊक नाय."