फलकावरच्या दोन ओळी

“वळताना नुसता दिवा लावून भागायचं नाही, काका. हातही बाहेर काढा. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचा मिणमिणता दिवा मागच्याला दिसेलच, या भरवशावर राहू नका.”

“काढलाय की, साहेब. कधीचा.”

“हं. तसाच ठेवा,” ब्रेकमास्तर म्हणाले.

जुन्या गाड्यांच्या मालकांची जी संघटना होती, तिचे ते परीक्षक. दर तीन वर्षांनी त्यांची चिठ्ठी मिळाल्याशिवाय सभासदाची गाडी रस्त्यावर येत नसे. “जुन्या गाडीला ब्रेक नसतो, विनंती असते, आणि विनंती मान्य व्हायला वेळ लागतो,” हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की मूळ नाव मागे पडून ब्रेकमास्तर हेच नाव उरलं.

आज परीक्षेला बसले होते ते घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून निवृत्त झालेले पंचाहत्तरीचे काका. दुकान विकलं होतं, बायको गेली होती. मागे उरली होती ती ही गाडी, आणि एक नात.

“गाडी गेली तर मी गेलोच म्हणा,” निघतानाच ते म्हणाले होते. “नातीला सांगून आलोय, पास झालो तर शाळा सुटताना गाडी घेऊन हजर.”

“नातीचं नाव पुढे करून वशिला लावू नका.”

“वशिल्याला घाबरलात होय? चाळीस वर्षं भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्यात मी. डोळे हेच आपलं भांडवल.”

मास्तरांची पद्धत ठरलेली होती. चालकाने जे जे दिसेल ते मोठ्याने बोलत जायचं. लक्ष ढळलं की आधी जीभ अडखळते, हा त्यांचा अनुभव. शेजारच्या सीटवर, गुडघ्यांवर हात ठेवून, मान किंचित कलती करून ते ऐकत राहत. इंजिनाची धडधड, गिअरची कुरकुर, तापलेल्या तेलाचा वास, यांतून त्यांना गाडीचा आणि माणसाचा स्वभाव कळे.

“डावीकडे ट्रक उभा. त्याच्या आडून कोणी येईल, म्हणून वेग कमी,” काका बोलत होते. “पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर.”

बोलणं संथ, सरावाचं होतं. हवा कोंदट होती, आणि दाराच्या जीर्ण रबरी पट्टीतून ओलसर वारा मास्तरांच्या पायांवर येत होता.

अचानक सायकलची घंटी वाजली. पाठोपाठ ब्रेक लागला आणि मास्तर पुढे ढकलले गेले.

“सायकलवाला,” काका धापा टाकत म्हणाले. “मध्येच घुसला मेला.”

मास्तर सावरून बसले. आधी घंटी, मग ब्रेक. अर्ध्या सेकंदाचा उशीर. पण जुन्या ब्रेकांना तेवढी सूट द्यायलाच हवी, असं त्यांनी स्वतःला समजावलं. या वर्षभरात ते स्वतःला बरंच काही समजावू लागले होते. गुडघ्याचं निमित्त सांगून त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. लेक स्कूटरवरून आणून सोडी. अहवालही ते सांगत आणि ती लिही.

उशिराची सूट त्यांनी चार वर्षांपूर्वीही एकाला दिली होती. भला माणूस, जुनी ओळख. भिडेपोटी चिठ्ठी दिली. आठव्या दिवशी शाळेच्या वळणावर त्याची गाडी वेळेत थांबली नाही. मास्तर धावत पोहोचले तेव्हा रस्त्यावर एक दप्तर तेवढं उरलं होतं. त्यानंतर त्या वळणावर फलक लागला, आणि मास्तरांच्या परीक्षेत एक प्रश्न वाढला. फलक लांबूनच वाचायचा. चुकला की नापास. तिथे ना भीड, ना ओळख.

गाडीखालून गतिरोधक गेला. मग उजवं वळण. मास्तरांनी मनात पाच आकडे मोजले.

“काका, डावीकडचा फलक वाचा.”

“‘पुढे शाळा आहे, वेग वीस.’” काका जराही थांबले नाहीत. “आणि खाली बारीक अक्षरांत, ‘मुलं धावत येतात.’”

मास्तरांनी श्वास सोडला. दोन्ही ओळी, शब्द न् शब्द. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं.

“काका, डोळे शाबूत आहेत तुमचे.”

“तीन वर्षांपूर्वीही तुम्ही हेच म्हणाला होतात, साहेब.”

संघटनेच्या फाटकाशी लेक वाट पाहत होती. मास्तरांनी चिठ्ठीवर सही केली. काकांनी ती दोन्ही हातांत धरली.

“पास ना, साहेब?”

“पास. जपून जा.”

“शाळा सुटेलच आता,” असं म्हणत काकांनी चिठ्ठीची घडी खिशात घातली. इंजिन पुन्हा धडधडलं आणि तो आवाज शाळेच्या दिशेने लांब गेला. मास्तर तो संपेपर्यंत ऐकत राहिले. फार दिवसांनी त्यांना आपल्या सहीचं ओझं वाटलं नाही.

लेकीने अहवालाचं पान उघडलं. “अंतर?”

“उत्तम.”

“हाताचे इशारे?”

“वेळेवर.”

“दृष्टी?”

“निर्दोष. शाळेच्या वळणावरच्या फलकाच्या दोन्ही ओळी लांबून, न अडखळता वाचल्या. लिही तसंच.”

कागदावरचा पेन थांबला.

“कुठला फलक, बाबा? रस्ता रुंद करायला तो महिन्यापूर्वीच उपटून नेलाय की.”