सुनेची सवलत

बक्षीसपत्राचा मसुदा सुशीलाबाईंनी दोनदा वाचला. मग एका ओळीखाली बोट ठेवून कागद वकिलांकडे फिरवला.

"हे काय लिहिलंय?"

दत्तप्रसाद वकिलांनी मान वाकडी करून वाचलं. 'बक्षीस घेणार या बक्षीस देणार यांच्या मयत मुलाच्या पत्नी असून...'

"माझा मुलगा चांगला जिवंत आहे," सुशीलाबाई म्हणाल्या. "लोणी काळभोरला असतो. दुसरीबरोबर."

वकिलांनी जीभ चावली. "माफ करा काकू. तुम्ही फोनवर म्हणालात, धायरीचा फ्लॅट सुनेच्या नावावर करायचाय. मी धरूनच चाललो. मुलगा असताना सुनेला घर कोण देतं हो?"

"मी."

शेजारच्या खुर्चीत पूर्णिमा, म्हणजे तीच सून, बसली होती. तिने कागद स्वतःकडे ओढून ती ओळ वाचली आणि पुन्हा जागेवर ठेवला.

सुशीलाबाई उठसूट हळव्या होणाऱ्यातल्या नव्हत्या. सहा वर्षांपूर्वी अभिनव घर सोडून गेला तेव्हा त्याच्या नावाने बोटं मोडून मोकळ्या झाल्या होत्या. त्यानंतर तो आला तो थेट गेल्या महिन्यात. आई कशी आहे हे बघायला नव्हे, फ्लॅटचे आज किती येतील ते विचारायला. फ्लॅट विकल्यावर पूर्णिमा कुठे जाईल, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. असला मुलगा. तरी तो शब्द छापील अक्षरांत दिसला आणि त्यांच्या काळजात चर्र झालं.

"खोडतो," वकील म्हणाले. "पण मग सवलत जाते. मुलाला घर दिलं तर सरकारचं शुल्क दोनशे रुपये. नातवंडाला दिलं तरी दोनशे. सून विधवा असेल तरी दोनशे. मुलगा हयात असला की मात्र सून कायद्याला परकी. पूर्ण शुल्क भरावं लागेल. नोंदणीसकट चार लाखांच्या घरात जाईल."

नातवंड नव्हतं.

"मग मृत्युपत्र करा ना. त्याला खर्च नाही," वकिलांनी सुचवलं.

"मी गेल्यावर तो कोर्टात जाणार. तेव्हा हिच्या बाजूने बोलायला मी येऊ का, वरून?"

वकील हसले आणि लगेच गंभीर झाले. "खरं म्हणजे नुसत्या मृत्यूच्या दाखल्यावरून अडलंय..." एवढं बोलून आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते टेबलावरचं स्टेपलर उगाच सरळ करू लागले.

"आई, राहू द्या," पूर्णिमा हळूच म्हणाली. "ते पैसे गुडघ्यांचे आहेत. मी बघेन माझं."

बँकेत चार लाखांवर थोडेच जास्त होते, आणि ते खरोखरच गुडघ्यांचे होते. दोन्ही गुडघे बदलायचे होते. तारीख तेवढी ठरायची होती.

सुशीलाबाईंनी वकिलांच्या खिशाला लावलेलं पेन मागून घेतलं. 'मयत' या शब्दावर एक रेघ मारली. ती पुरेशी वाटली नाही म्हणून आणखी दोन मारल्या.

"आता नीट टाइप करा. पूर्ण शुल्काचं."

कोथरूडमधल्या त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि वकिलांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. एक हात कठड्यावर, दुसरा पूर्णिमाच्या खांद्यावर टाकून सुशीलाबाई एकेक पायरी उतरत होत्या. प्रत्येक पायरीला आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा. पूर्णिमा त्यांच्याहून एक पायरी खाली राहत होती.

मधल्या वळणावर त्या थांबल्या. पूर्णिमाने डोळे पुसले आणि विचारलं, "परवा डॉक्टरांकडे जायचंय. ऑपरेशन का नको, असं विचारतील. काय सांगू त्यांना?"

सुशीलाबाईंनी दम घेतला. गुडघ्यावरून हात फिरवला.

"सांग, मुलगा जिवंत आहे."